प्रायमाक्वीन आणि तांबड्या पेशींचा शर्कराव्यवहार

रक्तावरून व्याधीचा निर्णय करावयाचा म्हणजे पेशींची संख्या, आकार व रंग पाहावयाचा, अशी वैद्यकाची दीर्घकाळची रीत होती. पेशी आपल्या शर्करेचा विनियोग कसा करते, हीदेखील रोगाची खूण होऊ शकते, ही जाणीव बरीच उशिरा आली. तिचा एक महत्त्वाचा टप्पा हिवतापावरील एका औषधाशी निगडित आहे.

परिपक्व तांबड्या पेशीस केंद्रक नसते व शर्करेचे पूर्ण ज्वलन करणाऱ्या सूत्रकणिकाही नसतात. तरी ती सुमारे १२० दिवस जगते. द्राक्षशर्करेचा बहुतांश भाग ती लॅक्टिक आम्लापर्यंत नेते आणि एका रेणूमागे एटीपीचे दोन रेणू मिळविते. उरलेला अल्प भाग पेंटोज मार्गाने जातो. त्यातून लाभणाऱ्या एनएडीपीएचमुळे ग्लुटाथायोन क्षपित अवस्थेत राहते व हीमोग्लोबिनाचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण होते. या मार्गाचे पहिले विकर म्हणजे ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज. ऑटो वारबुर्ग व त्यांचे सहकारी क्रिस्टियन यांनी १९३० नंतरच्या प्रारंभीच्या वर्षांत तांबड्या पेशींवर काम करीत असताना त्याचा शोध लावला. परंतु रोगनिदानाशी त्याचा संबंध त्या वेळी कोणी जोडला नाही.

१९२६ पासून वापरात आलेल्या पामाक्वीनने काही रोग्यांच्या रक्तपेशी फुटतात, हे वैद्यांस ठाऊक होते. त्याच कुळातील प्रायमाक्वीनचा अभ्यास इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी केला. ज्यांस औषध बाधे अशा बंदिवानांच्या पेशी किरणोत्सर्गी क्रोमियमने अंकित करून, ज्यांस ते बाधत नसे अशांच्या रक्तात सोडल्या असता औषध देताच त्या नाश पावल्या. उलट, दुसऱ्या गटाच्या पेशी पहिल्या गटाच्या देहात सुरक्षित राहिल्या. दोष देहात नसून पेशीतच होता, हे १९५४ साली अशा रीतीने सिद्ध झाले. १९५६ मध्ये कार्सन, फ्लॅनागन, इक्स व आल्व्हिंग यांनी त्या पेशींत उपर्युक्त विकराची उणीव दाखविली.

याच प्रयोगांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. औषध चालू असतानाही काही काळाने पेशीनाश थांबे. कारण वृद्ध पेशी गेल्यावर उरलेल्या तरुण पेशींत विकर अधिक असे. म्हणून पेशीनाशाच्या ऐन भरात वा त्यानंतर लगेच केलेली चाचणी कित्येकदा निर्दोष भासते. ज्या वेळी निदानाची निकड असते, नेमक्या त्याच वेळी ही खूण लपते. अशा प्रसंगी काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करणे इष्ट होय.

हा दोष क्ष-गुणसूत्राशी निगडित असल्याने पुरुषांत अधिक प्रकट होतो. मुंबईच्या पारशी समाजातील त्याच्या प्रसाराचा अभ्यास बक्षी, बालकृष्णन, उंडेविया व संघवी यांनी १९६३ साली प्रसिद्ध केला. विवॅक्स हिवतापाचे यकृतात दडलेले जंतू नष्ट करण्यासाठी प्रायमाक्वीन आजही वापरले जाते. त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न केवळ ऐतिहासिक नाही.

या ज्ञानाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ज्यांच्या रक्तावर ते उभे आहे ते बंदिवान होते. न्यूरेंबर्ग येथील डॉक्टरांवरील खटल्यात (१९४६-४७) आरोपींच्या बचावासाठी अमेरिकन तुरुंगांतील याच हिवतापप्रयोगांचा दाखला देण्यात आला होता. भिंतीआड दिलेली संमती कितपत स्वेच्छेची, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे; आणि या विकराचा इतिहास लिहिणाऱ्याने तो शोधाच्या श्रेयाबरोबरच नोंदविला पाहिजे.