ला योरोना

ला योरोना (स्पॅनिश भाषेतील अर्थ: 'रडणारी स्त्री') ही मेक्सिको, मध्य अमेरिका आणि अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा नैर्ऋत्य भाग येथील लोककथांमधील एक स्त्रीपिशाच होय. आपल्या मृत मुलांच्या शोधात ती रात्री नद्या, कालवे व तळी यांच्या काठी विलाप करीत फिरते, असा लोकसमज आहे.

कथानक

कथेची अनेक रूपे आढळतात. सर्वाधिक प्रचलित रूपात मारिया नावाची गरीब घरातील देखणी तरुणी एका श्रीमंत पुरुषाच्या प्रेमात पडते. पुढे तो तिला सोडून दुसऱ्या स्त्रीकडे जातो. संतापाच्या भरात ती आपल्या मुलांना नदीत बुडवते आणि भानावर आल्यावर शोकाने स्वतःही प्राण सोडते. मुले सापडेपर्यंत तिला परलोकात प्रवेश नसतो; म्हणून पांढऱ्या वस्त्रांतील तिचा आत्मा 'हाय, माझी मुले!' असा आक्रोश करीत भटकतो. वाटेत भेटलेल्या मुलांना ती आपलीच समजून पाण्यात ओढते, असे सांगतात. अंधार पडल्यावर मुलांनी पाण्याजवळ जाऊ नये, यासाठी वडीलधारी माणसे ही कथा सांगत आली आहेत.

उगम

कथेची मुळे अनेक अभ्यासक स्पॅनिश आक्रमणापूर्वीच्या अ‍ॅझ्टेक परंपरेत शोधतात. फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक बर्नार्दिनो दे साआगून यांनी सोळाव्या शतकात सिद्ध केलेल्या 'फ्लोरेंटाइन कोडेक्स' या बारा खंडांच्या ग्रंथात, स्पॅनिशांच्या आगमनापूर्वी दिसलेल्या आठ अपशकुनांची नोंद आहे. त्यांपैकी सहावा अपशकुन म्हणजे रात्री ऐकू येणारा एका स्त्रीचा विलाप. आता आपल्याला दूर जावे लागेल, असे ती आपल्या मुलांना सांगते. याच ग्रंथात सिवाकोआत्ल ही देवी पांढऱ्या वेषात रात्री आक्रोश करते, असे वर्णन येते.

या नोंदीतील स्त्री मुलांचा जीव घेत नाही. तिचा शोक येऊ घातलेल्या विनाशाचा आहे. एकोणिसाव्या शतकातील मेक्सिकन कवी मानुएल कार्पिओ यांच्या सुनीतातही ती अपत्यघातकी नसून पतीने ठार केलेली स्त्री आहे. याउलट, काही ठिकाणी स्पॅनिश सेनानी एर्नान कोर्तेस याची दुभाषी मालिंचे हिच्याशी योरोनाची सांगड घालून तिला स्वजनद्रोहाच्या पश्चात्तापाचे प्रतीक मानले जाते. अपराधी माता आणि शोकाकुल माता या दोन प्रतिमा अशा प्रकारे कथेत शेजारी शेजारी नांदतात.

कला व साहित्य

'ला योरोना' याच नावाचे लोकगीत मेक्सिकोतील तेहुआन्तेपेक संयोगभूमीशी निगडित असून गायिका चावेला व्हार्गास यांच्या आवाजात ते विशेष गाजले. मेक्सिको शहरातील सोचिमिल्कोच्या कालव्यांवर मृतदिनाच्या सुमारास या कथेचा नाट्यप्रयोग होतो. रामोन पेऑन यांचा 1933 सालचा 'ला योरोना' हा मेक्सिकोच्या आरंभीच्या बोलक्या भयपटांपैकी एक आहे. लेखिका ग्लोरिया आन्साल्दुआ यांनी 1987 मधील आपल्या ग्रंथात या व्यक्तिरेखेचा स्त्रीवादी दृष्टीने विचार केला.

ग्वातेमालाचे दिग्दर्शक हाइरो बुस्तामान्ते यांच्या 2019 मधील 'ला योरोना' या चित्रपटात कथेला नवे वळण मिळाले. यादवी युद्धात माया लोकांच्या वंशसंहाराचा आरोप असलेल्या एका वृद्ध सेनाधिकाऱ्याच्या घरी एक माया स्त्री कामाला येते. येथे मुलांना बुडवणारी आई नसून सैनिक आहेत.