काचेतील तांब्याच्या आयनांची संदीप्ती

तांब्याचे अल्प प्रमाण मिसळलेल्या काचेवर जंबुपार किरण पडले की ती निळा ते हिरवा प्रकाश देते, त्या आविष्काराची ही नोंद आहे. हा प्रकाश क्युप्रस, म्हणजे एकसंयुजी, आयनाचा असतो. काचेला रंग देणारे तांबे वेगळेच असते, आणि या विषयातला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

काचेत तांबे तीन रूपांत आढळते. द्विसंयुजी क्युप्रिक आयनामुळे काचेला निळी-हिरवी छटा येते. मोरचुदाचा निळा रंगही त्याचाच. त्याच्या ३डी उपकवचात ९ इलेक्ट्रॉन असतात. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश तो शोषतो, पण ती ऊर्जा उष्णता होऊन काचेत जिरते. क्युप्रस आयनात हेच उपकवच १० इलेक्ट्रॉनांनी पूर्ण भरलेले असते. दृश्य प्रकाश तो जवळजवळ शोषत नाही, म्हणून काच रंगहीन दिसते. तिसरे रूप धातूचे. तांब्याचे अतिसूक्ष्म कण ५६० ते ५७० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषतात आणि काच माणकासारखी लाल होते. अंधाऱ्या खोलीत २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळ्या आणि रंगहीन काचेचे तुकडे शेजारी ठेवले, तर निळा तुकडा काळाच राहतो आणि पाण्यासारखा स्वच्छ तुकडा उजळतो.

जंबुपार किरणांमुळे क्युप्रस आयनातला एक इलेक्ट्रॉन ३डी पातळीतून ४एस पातळीत जातो. समतेच्या नियमानुसार हे संक्रमण निषिद्ध आहे. पण काचेत आयनाभोवतीची ऑक्सिजन अणूंची मांडणी वेडीवाकडी असते, अणूही सतत कंप पावत असतात. त्यामुळे नियम थोडा ढिला पडतो. इलेक्ट्रॉनाला परतायला तरीही वेळ लागतो : उजेड काही दशक मायक्रोसेकंद टिकतो. ४एस पातळी शेजारच्या अणूंपर्यंत पसरलेली आणि प्रत्येक आयनाचा शेजार निराळा, म्हणून वर्णपट रुंद पट्ट्याचा मिळतो. विरल मृदा मूलद्रव्यांच्या रेखीव रेषा इथे दिसत नाहीत. सिलिकेट, बोरेट आणि फॉस्फेट काचांत या पट्ट्याची जागा बदलते. तांबे वाढवले की तो लांब तरंगलांबीकडे, पिवळ्या-नारिंगीपर्यंतही, सरकू शकतो.

खरी कसोटी भट्टीत लागते. उघड्या हवेत वितळवलेल्या काचेत तांबे बहुतांशी क्युप्रिक होते. क्युप्रस हवे तर भट्टीतले वातावरण क्षपणकारक ठेवावे लागते, किंवा घाण्यात कोळसा, साखर अथवा कथिलाचे ऑक्साइड घालावे लागते. कथिलाचा एक द्विसंयुजी आयन दोन क्युप्रिक आयनांना एकेक इलेक्ट्रॉन देतो आणि स्वतः चतुःसंयुजी होतो. क्षपण जास्त झाले, किंवा तयार काच पुन्हा फार वेळ तापवली, तर धातूचे कण पडतात, काच लाल होते आणि संदीप्ती मंदावते. दोन्ही बाजूंनी निसरडी अशी ही वाट आहे. म्हणून केवळ ‘अमुक टक्के तांबे’ एवढीच नोंद असलेला नमुना निरुपयोगी म्हणावा. उरलेले क्युप्रिक तांबे इलेक्ट्रॉन अनुचुंबकीय संस्पंदनाने मोजता येते. त्या पद्धतीला क्युप्रस आयन दिसत नाही; तो संदीप्तीनेच ओळखू येतो.

वितळवण्याच्या या कटकटी टाळायच्या तर आयन-विनिमयाचा मार्ग आहे. सोडा-चुन्याची साधी काच तांब्याच्या वितळलेल्या क्षारात बुडवली की पृष्ठभागाजवळचे सोडियम आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या जागी तांब्याचे आयन शिरतात.

तांबेयुक्त झिंक सल्फाइड हे चूर्णही हिरवे चमकते. मात्र तो स्फटिक आहे आणि त्याच्या उजेडाची यंत्रणा वेगळी आहे. दोहोंची गल्लत करू नये.

प्रारणाची मात्रा मोजण्यासाठी या काचेचा उपयोग होतो. अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेने १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तांबेयुक्त वितळ-क्वार्ट्झवर असे काम केले. क्ष-किरण किंवा गॅमा किरणांनी मोकळे झालेले इलेक्ट्रॉन काचेतल्या दोषांत अडकून राहतात. काच तापवली किंवा तिच्यावर लेसर पाडला की ते सुटतात, आणि त्यांची ऊर्जा क्युप्रस आयनामार्फत निळसर-हिरव्या प्रकाशाच्या रूपात बाहेर पडते. त्या प्रकाशावरून मात्रा कळते. वाचन झाल्यावर तोच तुकडा पुन्हा वापरता येतो.