सात घोड्यांची शाळा

सूर्याच्या रथाला सात घोडे असतात आणि त्याचा सारथी अरुण पायांनी पांगळा असतो, ही कथा आपण आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. इंग्लंडमध्येही 1922 साली सात घोड्यांचा एक रथ निघाला. त्याचे घोडे मात्र सरकारी करखात्याच्या हिशेबातले होते आणि रथ इतका चिमुकला की बघणाऱ्यांना हसू आवरेना. त्याचे नाव ‘ऑस्टिन सेव्हन’. या मोटारीने किती माणसे वाहिली त्याचा हिशेब निराळा. तिने किती माणसे घडवली, आणि तीही कारखान्यात नव्हे तर घरामागच्या खोपटात, सुटीच्या दिवशी, ती हकीकत दिवाळीच्या फराळासोबत वाचण्याजोगी आहे.

पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात मोटारीवरचा कर अश्वशक्तीवर बसे. एका अश्वशक्तीला एक पौंड. ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजत नसत. सिलिंडर किती व किती रुंद एवढ्यावरून ती काढीत. साहजिकच मोठ्या गाडीवर मोठा कर. बर्मिंगहॅमजवळचा हर्बर्ट ऑस्टिन यांचा कारखाना मोठ्या गाड्या करणारा. तो 1921 साली कर्जात बुडण्याच्या बेतात आला. ऑस्टिन यांनी ठरवले, सामान्य गृहस्थाला परवडेल अशी छोटी गाडी काढायची. संचालक मंडळाने नकार दिला. तेव्हा या हट्टी गृहस्थांनी कारखान्यातल्या स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या नकाशे काढणाऱ्या मुलाला आपल्या घरी नेले आणि बिलियर्ड खेळण्याच्या दालनात आराखड्यांचे काम सुरू केले. पैसा बव्हंशी स्वतःचा घातला. त्याच्या बदल्यात पुढे दर गाडीमागे त्यांना दोन गिनी मिळत. म्हणजे या गाडीचा जन्मच मुळी घरातला!

गाडी साधी होती. इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा पोलादी सांगाडा, चार सिलिंडरांचे छोटे इंजिन, चारही चाकांना ब्रेक आणि वजन सुमारे 360 किलो. इंजिनाचा आकार आरंभी 696 घन सेंटिमीटर होता, तो लवकरच 747 झाला. 1939 पर्यंत अशा जवळजवळ 2 लाख 90 हजार गाड्या निघाल्या. जर्मनीत परवाना घेऊन ‘डिक्सी’ या नावाने ती होऊ लागली. तो कारखाना 1928 मध्ये ‘बीएमडब्ल्यू’ने विकत घेतला आणि त्या आज जगभर मिरवणाऱ्या कंपनीची पहिली मोटार ही अशी ऑस्टिनचीच भावंड ठरली.

पण आपल्या गोष्टीचे खरे नायक नव्या गाड्या घेणारे नव्हेत. जुन्या गाड्या घेणारे आहेत. दहा-बारा वर्षांनी या गाड्या मोडीच्या बाजारात आल्या. वरची पेटी गंजून गेलेली, पण खालचा सांगाडा शाबूत. शनिवारी अर्ध्या दिवसाने कचेरी सुटली की कुणी कारकून, कुणी विद्यार्थी, कुणी शाळामास्तर घरी येई, कोट खुंटीला अडकवी आणि परसातल्या खोपटात शिरे. इंजिन एवढे हलके की दोघे मित्र ते हातांनी उचलीत. पाने, पक्कड, कानस, करवत, एक जॅक आणि भरपूर तेलकट चिंध्या एवढ्या भांडवलावर रविवार संध्याकाळपर्यंत गाडीचे सारे अवयव जमिनीवर मांडलेले असत. मग जुनी पेटी टाकून पत्र्याची वा प्लायवुडाची नवी पेटी चढवायची. अशा घरगुती गाडीला तिकडे ‘स्पेशल’ म्हणत. या मंडळींसाठी 1939 मध्ये ‘750 मोटर क्लब’ निघाला. कमी पैशांत मोटारींच्या शर्यतीचा आनंद घेता यावा, हा त्याचा हेतू.

या खोपटांतला एक विद्यार्थी ॲलेक इसिगोनिस. जन्म 1906, स्मर्ना शहरातला. तुर्की-ग्रीक युद्धाच्या धामधुमीत घरदार सोडून आईबरोबर इंग्लंडला आलेला. शिक्षण बॅटर्सीच्या पॉलिटेक्निकात झाले, पण गणितात स्वारी तीनदा नापास! सृजनशील माणसाचा गणित हा शत्रू आहे, असे तो पुढे म्हणत असे. जॉर्ज डाउसन या मित्राच्या साथीने त्याने ऑस्टिनच्या इंजिनाभोवती एक हलकी शर्यतीची गाडी बांधायला घेतली. नोकरी सांभाळून, मोकळ्या वेळात, बव्हंशी हातानेच चाललेले हे काम वर्षानुवर्षे पुरले. तीत त्याने निराळा सांगाडा ठेवलाच नाही. ॲल्युमिनियमचा पत्रा जडवलेल्या प्लायवुडाच्या बाजूच सारा भार पेलीत. पोलादी कमानीऐवजी धक्के सोसायला रबर वापरले. 1956 च्या सुएझ प्रकरणात पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा याच माणसाकडे छोट्या गाडीचे काम आले आणि 1959 मध्ये ‘मिनी’ अवतरली. तिची लांबी अवघी दहा फूट, इंजिन आडवे बसवलेले, आणि चाकांशी ॲलेक्स मोल्टन यांनी योजलेले रबराचे शंकू. रबरावर गाडी तोलता येते, हा विश्वास इसिगोनिसला खोपटातल्या त्या गाडीनेच दिला होता. त्याच्या ‘मॉरिस मायनर’ची ओळख आपल्याकडेही ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने झाली होती.

दुसरा विद्यार्थी कॉलिन चॅपमन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थापत्यशास्त्र शिकता शिकता तो जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करी. 1947 च्या अखेरीस सरकारने खाजगी मोटारींचे पेट्रोलचे रेशन बंद केले. धंदा एका रात्रीत बसला. गळ्यात एक जुनी ऑस्टिन सेव्हन उरली, तिला गिऱ्हाईक मिळेना. त्याने ती हेझल विल्यम्स या आपल्या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजात नेली आणि 1948 मध्ये तिची शर्यतीची गाडी केली. हेझल स्वतः बाह्या सरसावून मदतीला असे. पुढे तिच्याच पंचवीस पौंडांच्या उसनवारीवर 1952 मध्ये कंपनी उभी राहिली आणि दोन वर्षांनी लग्नही झाले. गाडीचे नाव ‘लोटस’, म्हणजे कमळ. ते का ठेवले, हे गुपित त्याने उघड केले नाही. आपल्याला मात्र लक्ष्मी कमळावर बसते हे ठाऊक आहे.

चॅपमनची बुद्धी कशी चाले त्याचा एक मासला पाहा. ऑस्टिनच्या इंजिनात दोन-दोन सिलिंडरांना मिळून पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचे एकच द्वार होते. शेजारच्या दोन बिऱ्हाडांत एक नळ म्हटल्यावर भांडण आलेच! एक सिलिंडर मिश्रण ओढी आणि दुसऱ्याला कमी पडे. चॅपमनने त्या वाटेत मधोमध पडदा घालून प्रत्येकाचा वाटा वेगळा केला. 1951 मध्ये त्याची गाडी इतकी पुढे जाऊ लागली की क्लबाला ही युक्ती नियमाने बंद करावी लागली. पुढे लोटसने फॉर्म्युला वनच्या शर्यतींत 1963 पासून 1978 पर्यंत सात वेळा बांधणीकारांचे विजेतेपद मिळवले.

तिसऱ्याच्या बाबतीत अरुणाची आठवण होते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंडचा ब्रूस मॅकलॅरन नऊ वर्षांचा असताना खुब्याच्या हाडाच्या विकाराने अंथरुणाला खिळला. जवळजवळ दोन वर्षे रुग्णालयात गेली आणि एक पाय कायमचा आखूड राहिला. वडिलांचा पेट्रोलपंप व गॅरेज होते. त्यांनी 1929 सालची एक ऑस्टिन सेव्हन सुट्या तुकड्यांत विकत आणली. बाप-लेकांनी ती जोडली आणि 1952 मध्ये हा मुलगा तिच्यासह स्पर्धेत उतरला. 1959 मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्याने अमेरिकेची ग्रां प्री जिंकली. 1963 मध्ये स्वतःची कंपनी काढली. तिच्याच संघाने 2024 साली फॉर्म्युला वनमधले बांधणीकारांचे विजेतेपद मिळवले. इंग्लंडातल्या त्यांच्या झगझगीत कार्यालयात ती जुनी ऑस्टिन जपून ठेवलेली आहे.

या शाळेची फी मात्र नेहमीच स्वस्त नव्हती. जून 1970 मध्ये स्वतःच्या कंपनीची गाडी तपासत असता तिचा मागचा भाग सुटून मॅकलॅरन वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच सप्टेंबरात योखेन रिंट हा शर्यतपटू लोटस चालवताना मृत्यू पावला. गाडी हलकी करण्याच्या चॅपमनच्या हव्यासावर तेव्हा कडक टीका झाली, आणि ती निराधार नव्हती. यंत्र उघडायला शिकवणारी शाळा, त्याची जबाबदारी घ्यायलाही शिकवते; तो धडा कधी फार महाग पडतो.

तिघांनाही घडवले कोणी? पेट्रोलची टंचाई, रिकामा खिसा आणि मालकाला उघडता येईल असे यंत्र, या तिघांनी. पैकी टंचाई कुणी मुद्दाम मागणार नाही. पण तिसरी गोष्ट आपल्या हाती असते. आजच्या मोटारीचे बोनेट उघडले तर वर एक मोठे झाकण दिसते आणि दोष कुठे आहे, हे सांगायला संगणक लागतो. अशा गाड्या अधिक सुरक्षित आहेत, धूरही कमी सोडतात. त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. तरी घरातल्या मुलाला उघडण्याजोगे एक तरी यंत्र हवे. दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एखादे बंद पडलेले घड्याळ, आजीचे शिवणयंत्र किंवा गंजलेली सायकल खाली येते आणि भंगारवाल्याची हाक कानी पडते. त्याला ‘पुढच्या रविवारी ये’ म्हणावे. मधला रविवार मुलांच्या आणि एका पान्याच्या स्वाधीन करावा. पुष्कळदा ते यंत्र दुरुस्त होणार नाही. पण ते चालत कसे असे, हे त्या घरात कुणाला तरी कळलेले असेल.