लघु बिनतारी इंटरनेट सेवा : खरेदी-विक्रीतील मूल्यांकन

मनोऱ्यावरून, धान्याच्या कोठारावरून किंवा उंच इमारतीवरून रेडिओलहरींद्वारे घरोघरी इंटरनेट पुरवणाऱ्या छोट्या कंपनीची विक्रीच्या वेळी किंमत ठरवण्याची रीत. अमेरिकेत अशा कंपन्यांना ‘विस्प’ म्हणतात. केबल आणि टेलिफोन कंपन्या जिथे फिरकल्या नाहीत अशा ग्रामीण भागात त्या वाढल्या. त्यांचा बराचसा कारभार २.४ आणि ५ गिगाहर्ट्‌झच्या खुल्या लहरींवर चालतो. परवाना लागत नसल्याने धंदा थोड्या भांडवलात सुरू होतो. मात्र त्याच कारणाने विकताना हक्काची लहर अशी काही हाती नसते. ३.५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील प्राधान्य परवाने २०२० मध्ये जिल्हावार लिलावाने दिले गेले. असा परवाना असल्यास त्याचे मूल्य वेगळे धरतात.

विकणारा बहुधा दर ग्राहकामागे अमुक डॉलर असा भाव सांगतो. तो बोलायला सोयीचा असला, तरी फसवा आहे. व्याज, कर व घसारा वजा होण्यापूर्वीच्या वार्षिक नफ्याची काही पट, हा हिशेब अधिक भरवशाचा. पण आधी तो नफा खरा आहे का, हे तपासावे लागते. समजा, ८०० ग्राहक दरमहा ५० डॉलर देतात आणि महिन्याचा खर्च २८,००० डॉलर आहे. मग ४०,००० च्या जमेतून वर्षाला १,४४,००० डॉलर नफा दिसतो. खर्चात मालकाचा पगार मात्र धरलेलाच नसतो. मनोऱ्यावर चढणारा, रात्री फोन उचलणारा, बिले काढणारा तोच. त्याच्या जागी पगारी माणसे ठेवायला दरमहा ६,००० डॉलर लागले, तर नफा ७२,००० वर येतो आणि चौपट दराने किंमत ५,७६,००० वरून २,८८,००० होते. शिवाय ग्राहकांच्या छतावरचे रेडिओ पाच वर्षांनी बदलायचे आणि प्रत्येकी २०० डॉलर लागणार असे धरले, तर वर्षाकाठी आणखी ३२,००० डॉलर बाजूला काढावे लागतात. सौदे मोडतात ते बहुधा या दोन रकमांवरून.

ग्राहकगळतीचे मोजमाप तितकेच महत्त्वाचे. महिन्याला दोन टक्के हा आकडा निरुपद्रवी वाटतो. नवे ग्राहक आले नाहीत, तर ८०० पैकी वर्षअखेर सुमारे ६२८ उरतात. २०२० नंतर स्टारलिंकची उपग्रहसेवा आणि मोबाइल कंपन्यांचे घरगुती इंटरनेट खेड्यांत पोहोचल्यापासून जुन्या गळतीच्या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे झाले आहे. फायबर येऊ घातलेल्या गावातले ग्राहक सावध खरेदीदार कमी भावाने धरतो.

मनोऱ्यांचे भाडेकरार नव्या मालकाच्या नावे होऊ शकतात का, हे प्रत्येक कागद वाचूनच कळते. शेतकऱ्याच्या कोठारावर फुकट इंटरनेटच्या बदल्यात, निव्वळ तोंडी बोलीवर बसवलेली अँटेना मालकाच्या ओळखीवर टिकलेली असते. जुन्या रेडिओंना भंगाराहून फारसा भाव येत नाही. उलट, उत्तर अमेरिकेतील आयपीव्ही४ या इंटरनेट पत्त्यांचा मोकळा साठा सप्टेंबर २०१५ मध्ये संपल्याने जुन्या कंपनीच्या नावावरचे पत्ते स्वतंत्रपणे विकता येतात.

सरकारी अनुदानाची नुसती आशा किमतीत धरू नये. एलटीडी ब्रॉडबँड या बिनतारी सेवा देणाऱ्या कंपनीने २०२० च्या ग्रामीण अनुदान लिलावात सुमारे १३२ कोटी डॉलरची बोली जिंकली होती. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने ऑगस्ट २०२२ मध्ये तिचा अर्ज फेटाळला.

जुनी देणी गळ्यात पडू नयेत म्हणून छोट्या सौद्यांत बहुधा कंपनीऐवजी ग्राहक, करार आणि साहित्य विकत घेतात. किमतीचा काही भाग वर्षभराने, ग्राहक टिकले तरच द्यायचा, अशी अट असते. मालकाने त्याच भागात पुन्हा धंदा थाटू नये, हे कलमही असते.

भारतात ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याचा मोठा भाग २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. सेवा देण्यासाठी दूरसंचार विभागाचा परवाना मात्र लागतोच. त्याचे देशव्यापी ‘अ’, परिमंडळापुरता ‘ब’ आणि त्याहून लहान क्षेत्राचा ‘क’ असे वर्ग चालत आले आहेत. त्यामुळे नुसती ग्राहकयादी विकत घेऊन भागत नाही. त्या क्षेत्रात सेवा देण्याचा परवाना खरेदीदाराकडेही असावा लागतो.