गाणे सांगणाऱ्याचे नाव



नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय कुठे आहे असे विचारले तर माणूस क्षणभर थांबतो. अजब बंगला म्हटले की लगेच रस्ता दाखवतो. १८६३ साली इंग्रजी अमलात हे संग्रहालय सुरू झाले. आता बघा, हे शहर अठराव्या शतकाच्या आरंभी वसवले देवगडच्या बख्त बुलंद शाहने, म्हणजे गोंड राजाने. आणि त्याच्याच शहरात पुढे गोंडांची भांडी, दागिने, वाद्ये काचेआड ‘आदिवासी दालनात’ जाऊन बसली. घरमालकच पाहुण्यांना दाखवायची वस्तू झाला! हे कसे झाले, आणि जतन करणाऱ्यांनी नेमके काय जतन करायचे, एवढेच आज बोलायचे आहे.

या कथेत पहिला माणूस येतो स्टीफन हिस्लॉप. आपल्या हिस्लॉप कॉलेजला ज्याचे नाव आहे तो. स्कॉटलंडचा मिशनरी, पण दगड आणि जीवाश्म गोळा करण्याचा मोठा नाद. त्याच आस्थेने त्याने गोंडी शब्द गोळा केले, आणि एका परधानाकडून लिंगोचे दीर्घ गीत उतरवून घेतले. सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना तो नाल्याच्या पुरात वाहून गेला. मागे कागद उरले. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल यांनी ते संपादून १८६६ मध्ये छापले. हे काम झाले नसते तर लिंगोगीताचा तो पाठ आज आपल्या हाती नसता. हिस्लॉपचे ऋण मान्य केलेच पाहिजे.

पण ग्रंथावर नावे दोन, हिस्लॉप आणि टेम्पल. ज्याने गाणे सांगितले तो नुसता ‘एक परधान’.

तुम्ही म्हणाल, नावाचे एवढे काय? मी तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी, म्हणून त्या बाजूने सांगतो. आपल्या न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानले आहे, पण कोणाचाही शब्द नव्हे. आप्ताचा, म्हणजे ज्याला विषय ठाऊक आहे आणि जो तो खरेपणाने सांगतो त्याचा. इथे शब्द ठेवला आणि आप्त पुसून टाकला. मग जाणणारा कोण उरला? साहेब. आणि ज्याला खरे ठाऊक होते तो ज्ञानाचा विषय बनला, माहितीचा कच्चा माल.

परधान म्हणजे कोण, हेही नीट समजून घेऊ. शामराव हिवाळे या मराठी माणसाने मंडला भागात राहून १९४६ साली परधानांवर इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला. परधान हा गोंडांचा भाट. ठरलेल्या काळाने तो आपल्या गोंड यजमानाच्या दारी येतो, बाना नावाचे तंतुवाद्य वाजवतो, कुळाची आणि देवांची कथा गातो, आणि धान्य, कापड, कधी जनावर दान घेतो. बान्यात बडादेवाचा वास असतो अशी श्रद्धा आहे. म्हणजे वंशावळ, पुराण, संगीत, सगळे त्याच्या कंठात. परधान हेच गोंडांचे चालतेबोलते संग्रहालय, आणि त्याचा रखवालदारही तोच. यजमानाकडचे दान आटले की गाणेही आटते. बाना आपण काचेत ठेवू, वाळवीपासून वाचवू. पण वाजवणारा गेला तर वाचले ते लाकूड.

पुढे गंमत झाली. जेम्स फोर्सिथने १८७१ च्या आपल्या पुस्तकात लिंगोगीत इंग्रजी पद्यात मांडले, आणि छंद घेतला लाँगफेलोच्या ‘हायवाथा’चा. लाँगफेलोने १८५५ मध्ये अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांच्या कथांवर ते काव्य रचले होते. एका आदिवासींची कथा दुसऱ्या आदिवासींच्या नावाने गाजलेल्या चालीवर, आणि दोन्हीकडे लेखणी तिसऱ्याचीच!

पण त्याच अमेरिकेत वेगळी वाटही निघाली. ओक्लाहोमा राज्यातील पॉहस्का गावी ओसेज लोकांनी १९३८ मध्ये स्वतःचे संग्रहालय उघडले. जमातीच्या मालकीचे अमेरिकेतले सर्वांत जुने संग्रहालय म्हणून ते ओळखले जाते. त्यामागे होता जॉन जोसेफ मॅथ्यूज, स्वतः ओसेज, ऑक्सफर्डला शिकलेला लेखक. त्याच्या पुढाकाराने जमातीतल्या वृद्धांची चित्रे काढवून घेतली गेली. भिंतीवरचा चेहरा पाहून आत आलेला मुलगा म्हणू शकतो, हे माझे आजोबा. ‘एक ओसेज’ नव्हे!

आपल्याकडे असे कोणी केले नाही का? केले. रामटेक तालुक्यातले मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी करत आणि उरलेल्या वेळात गोंडी भाषा, शब्दकोश, कोया पूनेम यांवर लिहीत. लिंगोने गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवले, ही कथा हिस्लॉपच्या कागदांतही आहे. तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात. पण ती गुहा म्हणजे गोंदिया जिल्ह्यातले कचारगड, अशी श्रद्धा आहे. १९८० च्या दशकात कंगाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे यात्रा सुरू केली. आज माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून गोंड तिथे येतात. जे कागदावर होते ते पुन्हा पायांनी चालू लागले.

लिपीचेही तसेच. बालाघाटकडच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडीसाठी लिपी तयार केली. २०१७ मध्ये ती युनिकोडमध्ये आली, ओसेज लिपी आली त्याच्या पुढच्याच वर्षी.

तेव्हा संग्रहालयात काम करणाऱ्या तरुणांना माझे सांगणे साधे आहे. बान्याखाली ‘तंतुवाद्य, गोंड जमात’ एवढेच लिहून थांबू नका. कोणी बनवला, कोणत्या गावी, शेवटचा कोणी वाजवला, ते विचारा आणि त्याच्या संमतीने नावानिशी लिहा. पाटी गोंडीतही असू द्या. वाजवणारा हयात असेल तर त्याला मानधन देऊन बोलवा. ती भीक नव्हे, परधानाचा तो जुना हक्कच आहे. १८६३ च्या आसपासच्या त्या परधानाचे नाव आता आपल्याला लावता येणार नाही. आज जो गातो आहे त्याचे लावता येईल, आणि त्याला फार वर्षे हाती आहेत असे समजू नका.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.