अंबा नदी आणि धरणाचा पाया



नागोठण्याजवळ अंबा नदीवर निजामशाहीच्या काळांतील एक दगडी पूल आहे. चौलच्या काझी अल्लाउद्दीन यानें तो सोळाव्या शतकाच्या अखेरीस बांधविला असें सांगतात. त्या काळीं नदी ओलांडण्यापुरतीच माणसाला नदीची अडचण वाटे. तिला अडवून धरण्याचा विचार फार पुढचा.

१९८९ सालच्या जुलै महिन्याच्या २४ तारखेस सह्याद्रीवर अतोनात पाऊस होऊन अंबेला महापूर आला. जांभूळपाडा उद्ध्वस्त झाला आणि नागोठण्यांत पाणी शिरून मोठा अनर्थ झाला. असें कांहीं घडलें म्हणजे सुशिक्षितांच्या तोंडीं एकच प्रश्न येतो : वर घाटाच्या पायथ्याशीं एक मोठें धरण कां बांधूं नये? प्रश्न रास्त आहे. परंतु आमच्या शाळेच्या पुस्तकांत धरण म्हणजे दोन टेकड्यांमधील भिंत एवढीच व्याख्या असे, आणि प्रश्न विचारणाऱ्यांच्याही मनांत बहुधा तेवढीच असते.

सह्याद्रीचा दगड काळा आणि कणखर. मग पायाची काळजी कशाला, असें वाटतें. पण हा दगड एकजिनसी नाहीं. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतील लाव्हा पुन्हां पुन्हां बाहेर पडून थरांवर थर साचले. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, तर माथा बहुधा भोकाभोकांचा असतो. दोन थरांच्या मध्यें कोठें कोठें तांबड्या मातीचा पट्टा सांपडतो, व तो ओला झाला म्हणजे मऊ पडतो. घाटावर हे थर जवळजवळ आडवे आहेत. पनवेलपासून दक्षिणेकडील कोंकणपट्टींत मात्र ते समुद्राच्या बाजूस कलले आहेत. थर असे नदीच्या उताराकडे कललेले असले म्हणजे कोंडलेलें पाणी त्यांच्या सांध्यांतून झिरपून भिंतीच्या पलीकडे निघूं पाहतें. पालीजवळ उन्हेरें येथें ऊन पाण्याचे झरे आहेत. भाविक तेथें स्नान करून पुण्य जोडतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांवरून एवढें ओळखतो कीं, येथील खडकाला खोलवर भेगा आहेत आणि त्यांतून खालीं गेलेलें पाणी तापून वर येतें. म्हणूनच इंजिनिअर आधीं छिद्रें पाडून खडकाचे नमुने काढतात आणि भेगांमध्यें दाबानें सिमेंटचा रस भरतात. या कामाला वेळ व पैसा फार लागतो, पण तें डोळ्यांना दिसत नसल्यामुळें त्याचें कौतुक कोणी करीत नाहीं.

खडक चांगला लागला तरी निश्चिंत राहतां येत नाहीं. कोयनेचा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीनें स्थिर समजला जात होता. जलाशय भरूं लागल्यावर तेथें धक्के जाणवूं लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे मोठा भूकंप होऊन कोयनानगर जमीनदोस्त झालें. धरणाला भेगा गेल्या, पण भिंत उभी राहिली. पुढें ती आणखी बळकट करण्यांत आली. पानशेतचें मातीचें धरण मात्र पुरतें तयार होण्याआधींच पाण्यानें भरलें, आणि १२ जुलै १९६१ रोजीं फुटून पुण्यावर कोसळलें.

आतां पुराचाच विचार करूं. पाण्यासाठीं बांधलेलें धरण भरलेलें असावें लागतें. पूर अडविण्यासाठीं तेंच रिकामें असावें लागतें. कोंकणांत जुलैमध्यें या दोन्ही गोष्टी एकदम कशा साधाव्या? भरलेल्या धरणावर मुसळधार पाऊस कोसळला तर दरवाजे उघडावेच लागतात. शिवाय धरमतरच्या खाडींतून भरतीचें पाणी नागोठण्याच्या बाजूस वर चढतें. उधाणाच्या वेळीं पुराच्या पाण्याला समुद्राकडे वाट मिळत नाहीं. वरची भिंत कितीही उंच केली तरी हें खालचें दार आपल्या हातीं नाहीं. उलट, नदीचें गोडें पाणी वर फार अडविलें तर खाडीचें खारें पाणी उन्हाळ्यांत आंत सरकतें आणि कांठच्या शेतांना व विहिरींना बाधतें.

शेजारच्या कुंडलिकेची कथा निराळी आहे. मुळशीचें पाणी मूळचें भीमेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जावयाचें. टाटांनीं तें घाटमाथ्यावर अडविलें, आणि १९२७ पासून तें भिरा येथील वीजघरांतून कोंकणांत उतरूं लागलें. त्यामुळें कोलाड-रोह्याकडे कुंडलिका भर उन्हाळ्यांतही वाहती असते. परंतु त्या जलाशयासाठीं मावळांतील गांवें गेलीं. १९२१ सालीं तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. सेनापति बापट त्यांचे पुढारी झाले. तीन वर्षांनीं तो लढा संपला आणि पिढ्यान्‌पिढ्या कसलेलीं भाताचीं खाचरें पाण्याखालीं गेलीं.

अंबेच्या वरच्या खोऱ्यांत मोठ्या जलाशयाला जागा पाहूं गेल्यास ती सुधागड तालुक्यांतील अशाच भातखाचरांत शोधावी लागते. डोंगरांमधली सपाट जमीन तेथें तेवढीच आहे.