चोर सोडून संन्याशाला फाशी

नेटवर्क कार्ड चालेना की आपला सगळ्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. केबल हलवून बघा, रीबूट मारा, ड्रायव्हर काढून परत टाका. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. पण सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्सच्या जगात असा एक घोळ झाला की यातलं काहीच लागू पडेना. कारण सॉफ्टवेअरमुळे चक्क हार्डवेअर बाद होत होतं!

झालं असं, की कर्नल २.६.२७ ची चाचणी चालू होती. उबुंटू, फेडोरा, ओपनसुसे, मांड्रिवा, सगळ्यांच्या येऊ घातलेल्या आवृत्त्या त्याच कर्नलवर. इंटेलच्या आयसीएच८ आणि आयसीएच९ चिपसेटच्या मशीनवर बिल्ट-इन इथरनेटसाठी 'ई१०००ई' नावाचा ड्रायव्हर असतो. अशा काही मशीनवर तो एक दिवस लोडच होईना. तक्रार एकच: एनव्हीएमचा चेकसम चुकतोय.

एनव्हीएम म्हणजे वीज गेली तरी टिकणारी मेमरी. कार्डाचा मॅक अ‍ॅड्रेस आणि सेटिंग्ज तिच्यात असतात. पहिल्या ६४ शब्दांची बेरीज हेक्साडेसिमलमध्ये 'बीएबीए' यावी लागते (हो, वाचायला चक्क 'बाबा'). इथे तो मजकूरच खराब झाला होता. मग ड्रायव्हर कितीही वेळा टाका, उपयोग शून्य. आधी 'इथटूल'ने त्या मेमरीची कॉपी काढून ठेवली असेल तर ती परत लिहिता यायची. नसेल तर? लॅपटॉपचं कार्ड मदरबोर्डवरच असतं. आता बोला!

साहजिकच पहिला आरोपी ई१०००ई. काही डिस्ट्रोंनी तो ड्रायव्हरच तात्पुरता बंद केला. मग संशय ग्राफिक्सकडे वळला. एरवी अशा वेळी बायसेक्ट करतात, म्हणजे बदलांची यादी अर्धी-अर्धी करत जाऊन दोषी बदल शोधायचा. पण इथे बग दिसणं म्हणजेच एक कार्ड जाणं. दर चाचणीला एक बळी कोण देणार?

शेवटी इंटेलच्या लोकांनी एक शहाणपणा केला. चोर सापडेपर्यंत दाराला कुलूप! ड्रायव्हर सुरू होतानाच एनव्हीएमवर लिहायला बंदी. हा पॅच घेऊन २.६.२७ ९ ऑक्टोबर २००८ ला बाहेर पडला. खरा चोर मात्र अजून मोकळाच होता.

तो निघाला 'एफट्रेस'. कर्नलमधली फंक्शन्स कधी चालतात ते टिपणारं, याच आवृत्तीत आलेलं टूल. नेटवर्कशी याचा संबंध काय? काहीच नाही! एफट्रेस टिपणीच्या जागांचे पत्ते यादीत ठेवायचं आणि नंतर तिथल्या सूचना निष्क्रिय करायचं. पण मॉड्यूल लोड झालं की त्याचा सुरुवातीचा कोड मेमरीतून काढून टाकतात. घर रिकामं झालं, यादीत पत्ता तसाच राहिला. ३२-बिट मशीनवर त्याच पत्त्यावर कधीकधी नवा भाडेकरू यायचा: कार्डाच्या फ्लॅशवर ताबा ठेवणारे रजिस्टर.

खबरदारी घेतलेली होती. 'जुनाच मजकूर असेल तरच बदल' म्हणून सीएमपीएक्सचेंज ही सूचना वापरली होती. गंमत अशी, की जुळणी चुकली तरी ती सूचना वाचलेलीच किंमत परत लिहिते. साध्या रॅममध्ये याने काही बिघडत नाही. रजिस्टरवर मात्र लिहिणं हाच हुकूम असतो!

१५ ऑक्टोबरला २.६.२७.१ आला आणि त्यात डायनॅमिक एफट्रेस बंद केलं गेलं. एफट्रेसच्या स्टीव्हन रोस्टेड्टने पुढे त्या भागाची रचनाच बदलली.

मला यातला कुलपाचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण ऑफिसात 'रूट कॉज मिळाल्याशिवाय फिक्स नको' म्हणून अडून बसतो. पण नुकसान कायमचं असेल तर आधी ते थांबवावं. आणि थांबलं म्हणून शोध सोडू नये. त्या लोकांनी कुलूप लावून शोध सोडला असता, तर एफट्रेसने उद्या दुसऱ्याच कुणाच्या रजिस्टरमध्ये हात घातला असता आणि आपण पुन्हा एखाद्या गरीब ड्रायव्हरला शिव्या घालत बसलो असतो.

असो. पुढच्या वेळी ड्रायव्हर अनइन्स्टॉल करण्याआधी लॉगमधली ती एक ओळ नीट वाचा. तक्रार करणारा दर वेळी गुन्हेगार नसतो.